मी, ‘लख्ख’चा परवाना

मित्रांनो, मी एक जुना परवाना आहे. गाडी चालवायचा नव्हे बरं का! तो पाकिटात मिरवतो. मी संगणकाच्या एका प्रोग्रॅमचा परवाना. माझं सारं अंग म्हणजे दीड पान मजकूर, तोही रुक्ष. मला वाचताना भल्याभल्यांना जांभया येतात. पण माझ्यापायी एका बहीणभावाचं बोलणं बंद झालं, म्हणून म्हटलं, आज तोंड उघडावंच.

त्यांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. लोक ओरखडे उठलेले, डाग पडलेले जुने फोटो आणत आणि वडील बारीक कुंचल्याने ते दुरुस्त करत. त्यांचे हात कापू लागले, तेव्हा धाकट्याने ते काम संगणकाला शिकवायचं मनावर घेतलं. पण चेहरे काही जमेनात. नाक एकीकडे, ओठ भलतीकडे! तो भाग मग ताईने लिहिला. ती गणिताची शिक्षिका. प्रोग्रॅमचं नाव ठेवलं ‘लख्ख’.

“ताई, हा सगळ्यांना फुकट देऊ या,” धाकटा म्हणाला.

“दे की. पण नियम लिहून दे. नाहीतर उद्या कुणीतरी कुलूप लावून आपलाच म्हणून विकेल.”

असा मी जन्मलो. मी सांगतो ते सोपं आहे. कोणीही लख्ख घ्यावा, वापरावा, आत डोकावून बदलावा. बदलून पुढे दिला, तर तो बदलही सगळ्यांसाठी उघडा ठेवावा.

बघता बघता लख्ख दूरवर पोचला. अनोळखी माणसं चुका सुधारून पाठवायची, धाकटा त्या तपासून आत घ्यायचा. त्याला भाषणांची आमंत्रणं येऊ लागली. मीही ऐटीत होतो. पण कौतुकाने पोट भरत नाही. दिवसभर नोकरी आणि घरी आल्यावर लोकांच्या तक्रारी. “अजून दुरुस्त झालं नाही? झोपा काढताय का?” फुकट घेणारेच जास्त डाफरायचे. माझा जीव तुटायचा.

अशात एका मोठ्या कंपनीने त्याला नोकरी देऊ केली. दिवसा लख्खचंच काम, संध्याकाळ मोकळी. अट एकच, मला काढून लख्खला बंद परवाना लावायचा. आता आमच्यात रीत अशी, की ज्यांनी ज्यांनी त्यात काही लिहिलंय, त्या प्रत्येकाचा होकार लागतो. बाकी सगळे हो म्हणाले. ताई नाही म्हणाली.

“दमलास तर सोडून दे. पण लोकांना दिलेल्या वस्तूला कुलूप लावायचं, हे मला पटत नाही.”

“तुझं काय जातंय गं? बोलणी मी खातो!”

धाकटा हट्टाला पेटला. होकार नसेल तर तिचा भाग काढून टाकायचा, एवढीच वाट होती. त्याने ताईची एकेक ओळ पुसली आणि तिथे स्वतःची लिहिली. खरं सांगू? त्याचं काम छान झालं होतं. तरी मला फार वाईट वाटलं. शेवटी त्याने मलाही काढलं. ताई त्यानंतर त्याच्याशी बोललीच नाही.

पण एकदा माझ्या शब्दावर दिलेलं परत घेता येत नाही. जुना लख्ख लोकांकडे होताच. तोच घेऊन ताई शाळा सुटल्यावर त्याची देखभाल करू लागली. आता लख्ख दोन झाले. धाकट्याचा कुलपातला आणि ताईचा उघडा. मी ताईकडे राहिलो.

वर्षं गेली. कंपनीचं मन दुसरीकडे रमलं. तिने तो बंद लख्ख गुंडाळून ठेवला आणि धाकट्यालाही घरी पाठवलं. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम त्याला उघडताही येईना. एका दुपारी त्याने ताईला फोन केला.

“ताई, तुझा लख्ख घेऊ का? म्हणजे, तुझी परवानगी असेल तर...”

“माझी कशाला? परवाना वाच.” आणि फोन बंद.

त्याने मला अथपासून इतिपर्यंत वाचलं. ‘कोणीही’ या शब्दापाशी तो बराच वेळ थांबला. मित्रांनो, माझ्यात कलमं पुष्कळ आहेत, पण रुसव्याचं एकही नाही.

मग त्याने लख्खमधली एक जुनी चूक सुधारली आणि कुणी परका पाठवेल तशी ताईकडे पाठवली. माझा जीव टांगणीला! संध्याकाळी उत्तर आलं.

“दोन ठिकाणी चुकलायस. नीट करून परत पाठव. जेवलास का?”

एवढा मोठा माणूस, पडद्यासमोर बसून ढसाढसा रडला.

मित्रांनो, मला वाचायचा कंटाळा आला तर मी समजू शकतो. पण फुकट मिळालेल्या वस्तूमागे कुणाच्या तरी संध्याकाळी गेलेल्या असतात. तक्रार जरूर करा. फक्त त्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, जेवलास का?