गड्डा उठला की बाहेर

सोलापुरात माती-पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत पेन्शन नावाची गोष्ट नव्हती. मालक भला माणूस, पगार वेळेवर करायचा, पण म्हातारपणाचं ज्याचं त्यानं बघावं असं त्याचं रोखठोक म्हणणं. म्हणून पंचेचाळिशी ओलांडल्यावर दाक्षायणी हत्तुरे आणि हुस्ना बागवान एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बँकेत गेल्या आणि दोघींनी पेन्शन योजनेत खाती उघडली. दोघींची ओळख प्रयोगशाळेतलीच. दाक्षायणी मातीचा सामू, म्हणजे पीएच, आणि क्षार बघायची, हुस्ना पाण्याचे नमुने बघायची. एकीच्या डब्यातली शेंगाचटणी दुसरीच्या डब्यात जायची आणि हुस्नाच्या डब्यातला खिमा-पाव सोडून बाकी सगळं दाक्षायणीकडे यायचं.

बँकेतल्या पोरीनं त्यांना समजावून सांगितलं होतं. पैसे साठीपर्यंत सहजासहजी काढता येणार नाहीत. पण ते कुठल्या फंडात ठेवायचे हे तुम्ही ठरवायचं. एक फंड शेअरचा, तो वर-खाली होणार. दुसरा सरकारी रोख्यांचा, तो संथपणे वाढणार. यातून त्यात हलवायचे असतील, तर वर्षातून काही ठराविक वेळा तशी मुभा आहे.

हुस्नानं झेपेल तेवढा मोठा हिस्सा शेअरच्या फंडात टाकला आणि विषय संपवला. "आता साठीलाच तोंड बघते त्याचं," ती म्हणाली.

दाक्षायणीला मात्र ती 'मुभा' डोक्यात बसली.

तिचं सगळं आयुष्य हंगामावर चाललेलं. उन्हाळ्यात उसाच्या आणि डाळिंबाच्या रानांतली माती पिशव्या भरभरून यायची, पावसाळ्यात टेबल रिकामं पडायचं, दसऱ्यानंतर उजनी धरणाकाठचे लोक केळीच्या बागांची माती घेऊन यायचे. कुठल्या महिन्यात कुठल्या गावचा माणूस दारात उभा राहील हे ती डोळे मिटून सांगायची. मग पैशाला हंगाम नसेल का? तिनं जुने आकडे बघितले, वर्तमानपत्रं चाळली, नवी पेठेत नवऱ्याच्या कापडदुकानात बसून गिऱ्हाइकाची ये-जा बघितली. दिवाळीला बोनस येतो, उसाचं बिल येतं, लग्नं सुरू होतात, बाजार फुलतो. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, लागतो, पाळणे फिरतात. तो गड्डा उठला की लोकांना कराची आणि मार्चअखेरीची आठवण होते आणि हात आखडतात. तिनं आपला नियम ठरवला. लक्ष्मीपूजनाच्या आधी शेअरच्या फंडात जायचं, गड्डा उठला की बाहेर पडून सरकारी फंडात बसायचं.

"म्हणजे उन्हाळा-पावसाळा तू घरात, आणि हिवाळ्यात तेवढी रानात?" हुस्ना हसली. "आणि मी बारा महिने रानातच मुक्कामाला! बघू या की, कोण पुढं जातंय."

पहिल्या वर्षी दाक्षायणी पुढं गेली. दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी बाजार भर उन्हाळ्यात उसळला आणि हुस्ना पुढं गेली, पण त्याकडे दाक्षायणीनं फारसं लक्ष दिलं नाही. पुढं पुन्हा दोन वर्षं तिचीच. एव्हाना प्रयोगशाळेत तिला 'मुहूर्तवाल्या मॅडम' म्हणायला लागले होते. दिवाळी जवळ आली की कोणी ना कोणी हळूच विचारायचं, "मॅडम, यंदा कधी?" ती वरवर रागवायची, पण आतून सुखावायची. तीस वर्षं मातीला बोट लावून बसलेल्या बाईला एवढी किंमत पहिल्यांदाच मिळत होती.

आणि मग ते साथीचं वर्ष आलं.

त्या जानेवारीत गड्डा उठला तसं नियमाप्रमाणे दाक्षायणीनं सगळं सरकारी फंडात हलवलं. बाजार तेव्हा तेजीत होता. नवरा शिवशरण म्हणालासुद्धा, "अगं, जरा थांब की. एवढं चढतंय."

"ठरलं ते ठरलं," ती म्हणाली.

मार्चमध्ये बाजार कोसळला. असा कोसळला, की टीव्हीवरची माणसं बोलायची थांबून नुसती आकड्यांकडे बघत बसली. टाळेबंदी लागली. नवी पेठ बंद, मार्केट यार्ड अर्धं बंद, प्रयोगशाळेला कुलूप, हुस्नाचा नवरा इसूफ याची मालवाहतूक ठप्प. ज्यांनी तिला चिडवलं होतं त्यांचे एकेक करून फोन आले. "मॅडम, तुम्ही तर वाचलात की! लई भारी!" शिवशरणनं जेवताना दोनदा तिच्याकडे बघून मान हलवली. दाक्षायणीला रात्री गाढ झोप लागायची आणि त्या झोपेची तिला थोडी लाजही वाटायची, कारण एक फोन अजून आला नव्हता.

तो एप्रिल संपता संपता आला.

"दाक्षा," हुस्नाचा आवाज बसलेला होता. "मी बाहेर पडते गं. तुझ्यासारखं सरकारी फंडात जाते."

"का? काय झालं?"

"काय झालं काय विचारतीस? एक तृतीयांश गेलं की. इसूफच्या दोन्ही गाड्या दारात उभ्या हायत, डिझेल भरून. भाडं न्हाय. तो रोज म्हणायचा, उरलंय तेवढं तरी वाचव. आता त्यानं बोलणंच टाकलंय माझ्याशी."

दाक्षायणी खुर्चीत सावरून बसली. आत कुठंतरी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती गोष्ट तिला आवडली नाही. हुस्ना आत्ता बाहेर पडली, तर ती कायमची मागं राहणार. सात वर्षांची चढाओढ इथंच संपणार, आणि जिंकणारी कोण हे सांगायला कोणाची गरजही उरणार नव्हती.

"पडू नको," ती म्हणाली.

"आं?"

"आत्ता पडू नको. मी पडले तेव्हा बाजार वर होता. तू पडशील ती खड्ड्यातनं पडशील. जे गेलंय ते अजून कागदावरच गेलंय, तू बाहेर पडलीस की खरंच गेलं. आपल्याला साठीला पाच वर्षं हायत, हुस्ना. पाच वर्षं बाजार असाच पडून राहील?"

पलीकडं मागून इसूफच्या खोकल्याचा आवाज आला.

"एवढी खात्री हाय तुला?" हुस्नानं विचारलं.

"हाय."

"मग तू आत ये."

दाक्षायणीनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

"बघ की," हुस्नाचा आवाज चढला. "मला म्हणतीस थांब, बाजार वर येणार. आणि स्वतः बसलीयस सरकारी फंडात पाय पसरून, दिवाळीची वाट बघत! वर येणार असेल तर तू का न्हाय येत? तू आत ये, मी थांबते. न्हायतर उद्या सकाळी मी बाहेर."

फोन ठेवल्यावर दाक्षायणी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर काहीच करायचं नसताना भांडी मांडत राहिली. हुस्ना बोलली त्यात खोट काढायला जागा नव्हती. दुसरीच्या पैशावर खात्री दाखवायला काय लागतं! पण स्वतःचा नियम, सात वर्षं पाळलेला, ज्यानं नाव दिलं, ज्यानं आत्ताच तर वाचवलं, तो भर उन्हाळ्यात मोडायचा? हंगाम नसताना बी टाकायचं? आणि बाजार अजून खाली गेला तर? लोक काय म्हणतील याचाही विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. मुहूर्तवाल्या मॅडम भर वैशाखात बुडाल्या म्हणतील.

शिवशरण दारात येऊन उभा राहिला. दुकान बंद असल्यापासून तो घरात नुसता फिरत असायचा.

"अहो, एक विचारू?" ती म्हणाली. "आपल्या दुकानात यंदाचा लग्नाचा माल कोणी अर्ध्या किमतीत टाकून गेलं, तर तुम्ही घ्याल का?"

"आत्ता? लग्नंच होत न्हाईत की."

"पण होणार की कधीतरी."

"जागा असंल आणि घाई नसंल, तर घेईन," तो म्हणाला. "लोकं काय लग्नं करायची सोडणार हायत व्हय?"

तिला एवढंच ऐकायचं होतं. हंगाम हे तिला बाजारातलं सगळ्यात मोठं खरं वाटत आलं होतं. पण माल निम्म्यावर आला की हंगाम कुठला, हे बघत बसायचं नसतं, हे कापडवाल्याला कळत होतं आणि तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा उरकून ती मोबाइल घेऊन बसली. बदलाचा अर्ज दोनदा वाचला आणि बोट टेकवलं. मग तिनं हुस्नाला फोन लावला.

"आले मी आत. सगळी."

"सगळी?" हुस्ना ओरडली. "अल्ला! मला वाटलं थोडं थोडं करशील!"

"मग आधी सांगायचं होतंस की!"

दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता हुस्ना रडायला लागली. दाक्षायणीनं तिला रडू दिलं.

पुढचे दिवस कठीण गेले. बाजार लगेच चढला वगैरे काही नाही. आधी आणखी खाली आला. दाक्षायणीची झोप उडाली. रोज सकाळी हुस्नाचा फोन यायचा, "थांबायचं?" आणि ही म्हणायची, "थांबायचं." कधी फोन हिचा जायचा आणि तेच शब्द उलट्या बाजूनं यायचे. एकदा इसूफनं फोन हातात घेतला आणि म्हणाला, "भाभी, तुमच्या भरवशावर हाय बरं का आमी." त्यावर ती "व्हय इसूफभाई" म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिनं बाजाराचा आकडा पाच वेळा बघितला.

मग जूनमध्ये प्रयोगशाळा उघडली. तोंडाला फडकं बांधून शेतकरी माती घेऊन आले. गाड्या हलल्या, इसूफच्या दोन्ही गाड्या कांदा घेऊन हैदराबादला गेल्या. बाजारानंही मान वर काढली आणि मग मागं वळून बघितलं नाही. पावसाळाभर चढत राहिला. दाक्षायणीच्या नियमानं ज्या महिन्यांना रिकामं ठरवलं होतं, त्याच महिन्यांत. दसऱ्यापर्यंत हुस्नाचं गेलेलं सगळं भरून आलं. दिवाळीच्या आधी, ज्या वेळी नियमानं दाक्षायणी नुकती आत शिरली असती, त्या वेळी तिच्या खात्यात एवढी वाढ झालेली होती, की आधीच्या सगळ्या मुहूर्तांनी मिळून तेवढी दिली नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सगळ्यात नव्या मुलीनं, माउलीनं, तिला विचारलंच, "मॅडम, यंदा कधी?"

"मी एप्रिलमध्येच गेले," दाक्षायणी म्हणाली.

सगळे टेबलाभोवती गोळा झाले. तिनं काही लपवलं नाही. नियम कसा ठरवला, कुठल्या वर्षी चालला, कुठल्या वर्षी चालला नाही आणि ती वर्षं आपण कशी सोयीनं विसरलो, हे सांगितलं. "आम्ही दोघींनी काल बसून ताळा केला," ती म्हणाली. "सात वर्षं मी आत-बाहेर नाचले आणि हुस्ना एका जागी बसली. त्या साथीच्या धक्क्याआधी आमच्यात फरक किती, तर एका चांगल्या साडीचा. हंगाम असतो. पण तो दरवर्षी वेळेवर येईल असं त्यानं कुणाला लिहून दिलेलं न्हाय."

"मग गड्डा उठला की बाहेर नाही पडणार?" माउली म्हणाली.

"गड्ड्यात भजी खायला जाणार," हुस्ना म्हणाली, आणि टेबल हसण्यानं हललं.

त्यानंतर दोघींनी एकच केलं. साठी जवळ येत गेली तसं दरवर्षी थोडं थोडं शेअरच्या फंडातून सरकारी फंडात हलवलं. बाजार वर असो, खाली असो. दाक्षायणीला पहिल्या दिवाळीला हात शिवशिवले, दुसऱ्या दिवाळीला तिनं फराळाचं काय ते बघितलं.

या वर्षी दोघी साठीच्या झाल्या, हुस्ना दोन महिने मागून. प्रयोगशाळेनं दोघींचा निरोपसमारंभ एकत्रच ठेवला. मालकानं भाषण केलं, शेतकऱ्यांनी डाळिंबाच्या पेट्या आणल्या. एक श्रीपूरचा म्हातारा बागायतदार उठून म्हणाला, "या दोन बायांनी माझं रान वाचवलं," आणि दोघींच्या हातात एकेक डाळिंब ठेवून खाली बसला. सगळं आटोपल्यावर मागच्या खोलीत दोघींनी आपापले मोबाइल टेबलावर ठेवले. रक्कम बघितली. दोघींच्या डोळ्यांसमोर दरमहा येणारी पेन्शन उभी राहिली. कुणापुढं हात न पसरता, पोरांच्या तोंडाकडं न बघता जगता येईल एवढी. त्यावर काही रक्कम एकदम हातात.

दाक्षायणी पुढं होती. चांगलीच पुढं.

"जिंकलीस," हुस्ना म्हणाली.

"तुझ्यामुळं. तू त्या दिवशी अडून बसली नसतीस, तर मी दिवाळीपर्यंत गादीवर बसून राहिले असते."

"आणि तू 'पडू नको' म्हणाली नसतीस, तर माझं काय राहिलं असतं?" हुस्नानं डोळे पुसले आणि टेबलावरचा मोबाइल उचलून त्यातलं काहीतरी शोधून तिच्यापुढं धरलं. "म्हणून हे बघ. दोन तिकिटं. गोवा. विमानानं, आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरनं. इसूफला आणि शिवशरणभाऊंना सांगितलंय, चार दिवस स्वतःचं स्वतः बघा म्हणून."

"अगं बाई! मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू मुहूर्त बघत बसली असतीस!"

पंधरवड्यानंतरच्या सकाळी विमान धावपट्टीवर धावायला लागलं, तेव्हा हुस्नानं तिचा हात असा आवळला की बांगड्या रुतल्या. डोळे गच्च मिटून ती ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. चाकं जमिनीवरून सुटली, आणि दाक्षायणीच्या खिडकीबाहेर सोलापूर तिरकं होऊन खाली जायला लागलं. घरांच्या ओळी, तळ्याचं चमकतं पाणी, त्यात उभं असलेलं सिद्धेश्वराचं देऊळ, आणि पलीकडं नांगरलेली काळी रानं, ज्यांतली किती माती तिच्या बोटांतून गेली होती ते सिद्धेश्वरालाच माहीत.

"डोळे उघड, हुस्ना."

"न्हाय."

"उघड गं. मी आहे ना."

हुस्नानं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि खिडकीला नाक लावून एवढ्या मोठ्यानं "अगं दाक्षाऽ, आपण वर आलो की!" म्हणून ओरडली, की अख्खं विमान वळून त्या दोन साठीच्या बायांकडं बघायला लागलं. दाक्षायणीला जराही लाज वाटली नाही.