कांताबेनची वेल

सुपडूआबांनी भिंतीवरच्या वेलीचं खोड नखानं खरवडलं. साल सुटेना. मग त्यांनी एक तणावा, वेलीचा आधाराला गुंडाळणारा दोरा, बोटांत धरून टोकापर्यंत नेला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हाई द्राक्ष नही शे," ते म्हणाले.

मागे त्यांची सून हर्षदा वाडगा घेऊन उभी होती. वाडग्यात काळपट जांभळी, गोट्यांएवढी फळं होती. त्यातली मूठभर तिनं नुकतीच खाल्ली होती. तिला पाचवा महिना होता आणि मागच्या खेपेला तिसऱ्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे या घरात हल्ली पपईचं नावसुद्धा कोणी काढत नसे.

"कितला खादात व तू?" सासूबाईंनी, मालतीबाईंनी विचारलं.

"सात-आठ असतील, आई. गोड होती. कांताबेन बोललेली, द्राक्षं आहेत म्हणून."

"कांताबेनले काय समजस!" आबा गरजले.

कांताबेन म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण, मूळची बारडोलीकडची. तिची मुलगी अमेरिकेत, कॅरोलिनात मोटेल चालवते. एकदा तिकडून येताना कांताबेननं रुमालात बिया बांधून आणल्या आणि सामाईक भिंतीशी पुरल्या. यंदा पहिल्यांदा फळ धरलं, तर नेमकी ती पुन्हा मुलीकडे गेलेली.

भेस्तानच्या या सोसायटीत द्राक्षाच्या बाबतीत आबांपुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. सुरतेला कापडाच्या लूमवर येण्याआधी, ऐन जवानीत त्यांनी नाशिककडच्या बागांत छाटण्या केल्या होत्या. लग्नाच्या पंगतीतही ते द्राक्ष तोंडात टाकण्याआधी देठ तपासत, आणि शेजारी बसलेल्या माणसाला त्यावरचं व्याख्यान मुकाट ऐकावं लागे. द्राक्षाचा तणावा दुबेळका, टोकाशी दोन फाटे फुटलेला असतो, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. या वेलीचा प्रत्येक तणावा एकटा, सरळसोट. द्राक्षाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. हिची खोडाला घट्ट चिकटलेली, वर बारीक ठिपके. आणि घड म्हणावा तर तोही नाही, चार-पाच फळांचा झुपका, हात लावला की एकेक फळ गळणारा. काहीतरी जंगली आहे, विषारी असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि मनात आलं ते तोंडातून निघूनही गेलं.

हर्षदानं वाडगा ओट्यावर ठेवला. मालतीबाई पदर खोचून रिक्षा आणायला धावल्या. हर्षदानं कांताबेनला व्हिडिओ कॉल लावला. रिंग नुसती वाजत राहिली. आबा वाडग्यापाशी उभे होते, तिच्याकडे पाठ करून.

रिक्षा दाराशी थांबली आणि तेवढ्यात फोनवर कांताबेन दिसली. तिकडे सकाळ होती, तिच्या हातात चहाचा कप होता.

"कांताबेन, आबा बोलतात हे द्राक्ष नाही," हर्षदा रडतच म्हणाली. "आणि मी खाल्लं!" तिनं फोन वेलीकडे वळवला.

कांताबेननं कप खाली ठेवला. "एनो दोरो एकलो छे ने? बे फांटा नथी ने?"

"नाही. एकटाच आहे."

"छाल चोंटेली छे?"

"हो, सुटतच नाही."

पलीकडे मुलीनं फोन हातात घेतला आणि मोटेलमागच्या कुंपणापाशी नेला. तीच गोल, दातेरी पानं. तेच सरळ तणावे. तीच सुटी सुटी फळं. यांना मस्कडाइन म्हणतात, ती सांगू लागली, ही इकडची रानद्राक्षं. इथं सगळे खातात, जाम करतात, फक्त साल जाड असते म्हणून थुंकून टाकतात.

"गभराशो नहीं, सुपडूभाई!" मागून कांताबेन ओरडली. "द्राक्ष ज छे!"

ज्या ज्या खुणेवर आबांनी वेलीला नापास केलं होतं, त्या त्या खुणेवर ती पास झाली होती. सगळ्यांच्या जिवात जीव आला. हर्षदा रडता रडता हसायला लागली, तिचा हात पोटावर होता. मालतीबाईंनी रिक्षावाल्याला हात जोडून परत पाठवलं आणि मग नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

"मोठा द्राक्षवाला शेतस तुमी!"

एरवी आबांनी तासभर वाद घातला असता. आज ते पायरीवर टेकले आणि कपाळावरचा घाम पुसत राहिले. हरल्याचा इतका आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.

मालतीबाईंनी वाडगा उचलला. तळाशी दोनच फळं होती.

"बाकीना कोठे गयात?"

"मी तर पुष्कळ ठेवली होती," हर्षदा म्हणाली. "डॉक्टरांना दाखवायला."

आबा चपलेनं फरशीवरची माती सारखी करू लागले.

"मी खादात," ते म्हणाले.

"विषारी शे म्हनत व्हतात ना तुमी?"

"म्हनीसनच." आबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला. "तिनी खादात, तितलाच खादात."