यॉर्गसाहेबांचा इमाम-जामीन

अन्वरीला, माझ्या बायकोला, मी तेव्हाच म्हटलं होतं, नको ते बांधू नकोस. पण ऐकेल तर ती अन्वरी कसली!

इकडे गल्फात, फुजैरातल्या एका फुटबॉल क्लबात मी ड्रायव्हर. कोचला घरून मैदानावर न्यायचं, मैदानावरून घरी सोडायचं. कोच काय, येतात आणि जातात. माझ्या गाडीत ब्राझीलचा बसला, सर्बियाचा बसला, एक तर रमजान संपायच्या आत घरी गेला. मग आले हे जर्मनीचे यॉर्गसाहेब. सत्तरीला टेकलेले. घाना, थायलंड, येमेन, मालदीव, कुठं कुठं शिकवून आलेले. आपल्यात बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतात, ह्या बाबानं बारा देशांचं प्यालेलं.

गाडीत मन मोकळं करायचे. बायको वारली तेव्हा हे घानात सेमीफायनलला उभे होते. पोचले तोवर दफन उरकलेलं. तेव्हापासून मुलगी बोलत नाही. घरही विकलं. "इद्रीस, मला आता फुजैरातच राहायचंय. कसलंही काम असू दे," हे रोजचं पालुपद. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. अन्वरीच्या हातची सांदणं मागून मागून खायचे आणि तिला भाभी म्हणायचे.

क्लब मात्र हरतच होता. सीझनची शेवटची मॅच अल ऐनला. हरले की साहेबांची नोकरी गेली, आणि नोकरी गेली की व्हिसा गेला, हे इथं शाळकरी पोरालाही कळतं. निघायच्या सकाळी अन्वरी हिरव्या कापडात नाणं गुंडाळून तयार! आमच्या रत्नागिरीकडे गल्फला निघालेल्या माणसाच्या दंडाला असा इमाम-जामीन बांधतात.

"अगं बाई, ते मॅचला चाललेत, परदेशी नाही!"

"प्रवास तो प्रवास. तुम्ही गप बसा."

आणि बांधला. साहेबांनी विचारलं, "हे जिंकण्यासाठी?"

"नाही सर, सुखरूप घरी पोचण्यासाठी," मी म्हटलं. "घरी पोचलात की सोडायचा, आतला पैसा गरिबाला द्यायचा. त्याआधी हात लावायचा नाही."

साहेबांनी शर्टाची बाही त्याच्यावर नीट ओढून घेतली.

हरलो. तेही कसे, तर शेवटच्या मिनिटाला आमच्याच डिफेंडरच्या पायाला लागून बॉल आत! डोकंच फिरलं माझं. क्लबचा मॅनेजर हम्माद बाहेर आला, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास, हबीबी. थँक यू फॉर एव्हरीथिंग." साहेब म्हणाले, लहान मुलांची टीम द्या, पगार नको. "इन्शाल्ला," हम्माद म्हणाला आणि फोनकडे बघायला लागला. अल्लाचं नाव घेऊन माणसाला नाही म्हणायची ही तऱ्हा मला आजवर मानवली नाही.

पुढच्याच आठवड्यात व्हिसा कॅन्सल झाला, क्लबनं फ्रँकफर्टचं तिकीट काढलं. दुपारी मी न्यायला गेलो. एवढ्या वर्षांच्या नोकऱ्या, आणि सामान दोन बॅगा. त्यांनी सीटबेल्ट ओढला तशी बाही वर सरकली. बघतो तर हिरवं कापड तिथंच.

"सर, अजून? अल ऐनहून त्याच दिवशी घरी पोचलात की!"

"तो क्लबचा फ्लॅट होता, इद्रीस."

"मग जर्मनीत गेल्यावर सोडा."

"जर्मनीत मला आता फक्त एअरपोर्ट ठाऊक आहे." बाही खाली ओढत म्हणाले, "तुझ्या घरी सोडला तर चालेल?"

विमान चुकेल, हम्माद ओरडेल... गेला उडत हम्माद! मी गाडी वळवली.

साहेब आमच्याकडे नेहमीच्या खुर्चीत बसले. अन्वरीनं बिस्मिल्ला म्हणून गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. साहेब हसले. अल ऐननंतर पहिल्यांदाच हसताना बघितलं मी त्यांना.

"पोचलो," म्हणाले.

मग घड्याळ बघून उठले. अन्वरी लगबगीनं आत गेली आणि दुसरं कापड, दुसरं नाणं घेऊन आली. एवढ्या लांब निघालेल्या माणसाला रिकाम्या दंडानं कशी धाडेल ती? तिनं त्यांचा हात धरला.

साहेबांनी तो हळूच सोडवून घेतला.

"नको, भाभी. आता कुठंच पोचायचं नाही."

अन्वरी कापड धरून तशीच उभी राहिली, डोळ्यांत पाणी आलेलं. मला तर कोणावर ओरडावं तेच कळेना. आम्ही खाली आलो. साहेब एरवी पुढं माझ्या शेजारी बसायचे. त्या दिवशी टॅक्सीत बसावं तसे मागचं दार उघडून मागं बसले.