रजेवर गेलेला पंप

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये तळघर बांधणं हा मुळातच एक धाडसी विचार आहे. जिथे पूर्वी पाणीच पाणी होतं तिथे माणसांनी भर घातली, वर घरं बांधली, आणि आपण जिंकलोय हे पाण्याला नीट कळावं म्हणून घरांच्या खाली गाड्या ठेवायला पुन्हा खड्डे खणले. पाण्याला ते अजून कळलेलं नाही. दर पावसाळ्यात ते चौकशीला येतं.

दत्तात्रय सबनीस राहत होते त्या चार बिऱ्हाडांच्या इमारतीत ही चौकशी परतवून लावायचं काम एका पंपाकडे होतं. तळघराच्या कोपऱ्यात एक खोल खड्डा, खड्ड्यात पंप. खड्ड्यात पाणी साठलं की वायरला लोंबकळणारा प्लास्टिकचा फ्लोट पाण्याबरोबर वर यायचा, पंप आपोआप सुरू व्हायचा आणि पाणी रस्त्यावर, म्हणजे समोरच्या इमारतीकडे, रवाना व्हायचं.

सबनीस एका सरकारी कंपनीच्या बदलीवर कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी व्यसन लागतं. त्यांना पंप लागला. दर रविवारी ते त्याची जाळी काढून ब्रशनं घासत, बादलीभर पाणी ओतून फ्लोट उचलतो की नाही ते बघत, आणि जेवताना पंपाचा आवाज या आठवड्यात कसा होता ते सुचित्राबाईंना सांगत. सुचित्राबाईंची तब्येत ते सणासुदीला विचारत.

पंपावर एवढा विश्वास असलेल्या माणसानं तिथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत गप्प बसायला हवं होतं. पण मंडळाच्या बैठकीत गप्प बसलेले सबनीस अजून कुणी पाहिले नव्हते. त्या वर्षी मराठी मंडळाचा गणपती पेणहून आला होता. शाडूचा, छातीएवढा उंच, उचलायला सात-आठ माणसं लागतील असा. हॉल चतुर्थीच्या दिवशी सकाळीच ताब्यात मिळणार होता. तोवर मूर्ती ठेवायची कुठे?

"आमच्याकडे न्यू टाउनला ठेवू," अध्यक्षा श्यामलाताई म्हणाल्या. "नववा मजला आहे. पाण्याची भीती नाही."

"आणि बाप्पाला लिफ्टमध्ये काय आडवा झोपवणार?" सबनीस म्हणाले. "आमच्या तळघरात ट्रक थेट उतरतो. उतार आहे, भिंती पक्क्या आहेत."

"सबनीस, शाडू आहे तो. भाद्रपदात तळघरात?"

"पंप कोण बघतं तिथला? मी बघतो! मूर्तीला पाण्याचा एक थेंब लागला, तर या मंडळात मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

ही प्रतिज्ञा ऐकून बऱ्याच सभासदांच्या मनात पावसाविषयी प्रथमच आपुलकी उत्पन्न झाली. ठराव एकमतानं मंजूर झाला.

मूर्ती आली, तळघरात एका भक्कम चौरंगावर बसली, वर चादर पडली. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पंचांगानं डाव टाकला. हरतालिका आणि विश्वकर्मा पूजा एकाच दिवशी आली.

कोलकात्यात विश्वकर्मा पूजेला यंत्रांची आणि हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना सुट्टी असते. इमारतीत ही पूजा तळमजल्यावरचे हालदारबाबू करत. हालदार विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आणि कट्टर नास्तिक. सबनीस आणि ते आपसात हिंदी बोलत. आपण एवढं चुकीचं बोलतो ते केवळ समोरच्याच्या सोयीसाठी, असा दोघांचाही समज होता.

सकाळी हालदारांनी इमारतीतली सगळी हत्यारं गोळा केली. सबनीसांचे पाने, पक्कड, पेचकस, हातोडी, सगळं एका परातीत मांडून, परात तळघरात पंपाजवळच्या स्टुलावर ठेवून त्यावर सिंदूर लावला. मग झेंडूचा हार घेऊन ते पंपाकडे वळले.

"पंपाचं बटन बंद करा, सबनीसदा. आज त्याची सुट्टी."

"पंपाला सुट्टी नाही," सबनीस म्हणाले. "शेजारी गणपती बसलाय. आणि तुम्ही तर देव मानत नाही ना?"

"देव मानत नाही. सुट्टी मानतो. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस आराम मिळायलाच पाहिजे."

"आणि आज पाऊस आला तर?"

"पावसालाही सुट्टी असेल."

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. अखेर तडजोड ठरली ती अशी: बटन चालूच राहील, पण पूजेपुरता फ्लोट खाली दाबून पंपालाच बांधून ठेवायचा, म्हणजे पूजा चालू असताना पंप मध्येच ओरडणार नाही. सबनीसांनी देव्हाऱ्यातला लाल दोरा आणून फ्लोट स्वतःच्या हातानं बांधला. गाठ अशी मारली की बघत राहावं. वर हार घातला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि आपल्याकडून काही कमी पडू नये म्हणून खड्ड्याच्या काठावर नारळ फोडला.

पूजा संपली तेवढ्यात फोन वाजला. श्यामलाताई होत्या. "सबनीस, सगळं ठीक आहे ना?"

एवढ्या साध्या प्रश्नाला सबनीसांनी जे उत्तर दिलं ते बोलत बोलत ते जिना चढले, घरात आले, आरामखुर्चीत बसले, आणि उत्तर संपलं तेव्हा त्यांना गोड झोप लागली होती. श्यामलाताईंनाही लागली असावी. दोरा तसाच राहिला.

दुपारी पाऊस आला. कोलकात्याचा पाऊस बोलावल्याशिवाय येतो आणि जेवल्याशिवाय जात नाही. सबनीस खिडकीत उभे राहून त्याच्याकडे प्रेमानं बघत होते. नाक्यावरच्या ऑटो स्टँडवर विश्वकर्म्यापुढे लाउडस्पीकर एवढा ठणाणत होता की पंपाचा आवाज येत नाही, याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

"अहो, खाली जाऊन बघून तरी या," सुचित्राबाई म्हणाल्या. सकाळपासून त्यांचा निर्जळी उपवास होता, त्यामुळे पाण्याकडे त्यांचं लक्ष जरा जास्त होतं.

"अगं, पंप आहे."

इतक्यात दार वाजलं. हालदार पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून उभे होते. "सबनीसदा," ते शांतपणे म्हणाले, "आपका गणेशजी थोड़ी देर में नाव माँगेगा."

सबनीस एका दमात खाली आले. तळघरात घोट्याच्या वर पाणी होतं आणि त्यावर झेंडूची फुलं डौलात फिरत होती. चादरीखाली बाप्पा चौरंगावर कोरडे होते, अजून तरी. सबनीसांना दोरा आठवला, आणि त्यांचा चेहरा शाडूसारखा झाला.

"मूर्ती वर काढू या," हालदार म्हणाले.

"दोघांनी? आणि त्या ओल्या उतारावरून? सोडून द्या."

पहिली गोष्ट त्यांनी शहाण्यासारखी केली. भिंतीवर उंच होता तो प्लग ओढून काढला आणि हालदारांच्या हातात दिला. "हा धरा. मी सांगेपर्यंत भिंतीत घालायचा नाही." मग पालथं पडून खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घातला. पण त्यांनी मारलेली गाठ त्यांनाच सुटेना. शेवटी दात वापरायला त्यांना तोंड पाण्यात घालावं लागलं. मंडळात तोंड न उघडण्याची सवय तिथूनच सुरू झाली म्हणायची.

दोरा तुटला. फ्लोट टुणकन वर आला. प्लग लागला. पंपानं एकदा हुंकार दिला, एक आचका दिला आणि तो बंद पडला. हालदारांनी प्लग पुन्हा काढून हातात घेतला.

"हार," सबनीस म्हणाले. "हार गिळला त्यानं."

हालदारांनी मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीच्या मागेही लाउडस्पीकर होता. तो अत्यंत आदरानं म्हणाला, "दादा, आज कसं येणार? माझ्या पान्यांना सिंदूर लागलाय. उद्या सकाळी पहिलं तुमचंच काम." आणखी दोघांना फोन झाले. सगळ्या शहरातले पाने त्या दिवशी देवापुढे बसले होते.

"मग माझे द्या," सबनीस म्हणाले.

हालदार परातीपुढे आडवे आले. "उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"अहो, माझे आहेत ते!"

"आज ते कुणाचेच नाहीत. आज ते सुट्टीवर आहेत. कामगाराला सुट्टीच्या दिवशी घरून बोलावणं, सबनीसदा, तुमच्यासारख्या सरकारी माणसाला शोभत नाही."

बोलता बोलता हालदार हातातला प्लग भिंतीकडे नाचवत होते. "आधी तो खाली करा!" सबनीस ओरडले. पाणी चौरंगाच्या पायांना लागलं.

तेवढ्यात सुचित्राबाई जिन्यावरून उतरल्या. पदर खोचलेला, एका हातात सांडशी आणि उलथणं, दुसऱ्या हातात बोथट सुरी.

"ही घ्या."

"सांडशी?" हालदार म्हणाले. "वहिनी, हेसुद्धा हत्यारच आहे. हिची पूजा झाली?"

"नाही झाली."

"मग आजच्या दिवशी..."

"हालदारबाबू, तुमच्या घरी आज चूल बंद आहे ना? कालचं गार खाल्लंत ना सगळ्यांनी?"

"हो. तो आमचा रिवाज आहे."

"आमच्याकडे तसला रिवाज नाही. माझ्या सांडशीला आजवर कुणी सुट्टी दिलेली नाही. ती कामावर आहे. बाजूला व्हा."

हालदार बाजूला झाले. 

पंप दोरीनं ओढून वर काढला. जाळीचे स्क्रू सुरीच्या टोकानं फिरवले, शेवटचा फिरेना तो सांडशीनं पिळला. आत पंख्याला झेंडू गुंडाळला होता, त्यावर नारळाच्या शेंड्या आणि मधे लाल दोरा. हा सगळा ऐवज अक्षतांसकट सबनीसांनी उलथण्यानं खरवडून काढला. एवढ्या भक्तिभावानं कुठल्याही यंत्राचा गळा कुणी आवळला नसेल. पंखा बोटानं फिरवून बघितला, फिरला. जाळी बसवली. पंप खाली सोडला. फ्लोट मोकळा आहे ना, ते तिघांनी तीनदा बघितलं.

"घाला," सबनीस म्हणाले.

हालदारांनी प्लग घातला. पंप घरघरला, खोकला, आणि मग त्याचा तो दर रविवारचा आवाज आला. जरा वेळानं पाणी चौरंगाच्या पायांवरून उतरायला लागलं. सबनीसांनी चादर उचलली. मुकुट, सोंड, पोट, पितांबर, पावलं, सगळं कोरडं होतं. ते हात जोडणार एवढ्यात सुचित्राबाई म्हणाल्या, "अहो, उंदीर?"

उंदीर वेगळा होता. तो चौरंगावर मावला नव्हता म्हणून खाली विटेवर ठेवला होता. विटेवर आता फक्त करड्या चिखलाचा एक गोळा होता आणि त्यातून एक शेपूट, अगदी रेखीव, वर आलेलं होतं.

तिघंही वाकून त्या शेपटाकडे बघत राहिले.

"मूर्ती म्हणजे गणेशजी," हालदार शेवटी म्हणाले. त्यांच्यातला विमावाला जागा झाला होता. "उंदीर त्यांचं वाहन. वाहनाचा विमा वेगळा असतो. मूळ पॉलिसीत तो धरत नाहीत."

"मी थेंब म्हणालो होतो," सबनीस म्हणाले. "मूर्तीबरोबरच आला होता तो पेणहून. एकाच खोक्यात."

सुचित्राबाईंनी चिखल ताटात भरून वर नेला आणि रात्रीच्या जागरणात बसल्या बसल्या उंदीर पुन्हा केला. उकडीच्या मोदकांवर वळलेला हात. उंदराला पोट आलं, पाठीवर पाकळ्या आल्या. सकाळपर्यंत त्यावर केस वाळवायचं यंत्र धरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो स्टँडवरच्या मंडळींनी मूर्ती उचलून टेम्पोत चढवली आणि गणपती वेळेवर हॉलमध्ये बसला. श्यामलाताई चष्मा लावून चारी बाजूंनी फिरल्या. बाप्पांवर ओल नव्हती. मग त्या खाली वाकल्या.

"पेणला हल्ली उंदीर असे करतात?"

"हल्ली असंच चाललंय," सुचित्राबाई म्हणाल्या.

मागून कुणाची तरी नात बंगाली वळणाच्या मराठीत विचारत होती, की बाप्पाचं हे डॉगी चावतं का.

श्यामलाताईंनी सबनीसांकडे बघितलं. सबनीसांनी तोंड उघडलं नाही. उंदराचं कुणाला कळलंही नसतं, पण त्यांना स्वतःला माहीत होतं. शब्द म्हणजे शब्द. ते आरतीला टाळ वाजवत राहिले, पुढे आले नाहीत, दरवर्षीचं प्रास्ताविक केलं नाही, आभारही मानले नाहीत. मंडळाच्या इतिहासात प्रथमच कार्यक्रम वेळेवर संपला. लोक एकमेकांना विचारत होते, सबनीसांना बरं नाही का. काहींनी बाप्पाला मनोमन जादा नमस्कार केला.

"बोला हो," सुचित्राबाई हळूच म्हणाल्या. "कुणी काही म्हणत नाहीये."

सबनीसांनी मान हलवली. हा त्याग त्यांना जड जात होता, पण निभत होता.

मग प्रसादाच्या वेळी कालच्या पावसाचा विषय निघाला, आणि नुकताच न्यू टाउनला राहायला आलेला सारंग मोदक फोडता फोडता म्हणाला, "आमच्याकडे काही टेन्शन नाही बुवा. बेसमेंटला चांगला पंप आहे. पंपाचं कसं असतं, एकदा बसवला की विसरून जायचं."

सबनीसांच्या हातातला मोदक थांबला. त्यांनी बाप्पाकडे बघितलं. श्यामलाताईंकडे बघितलं. त्या गोल उंदराकडे बघितलं, आणि बराच वेळ बघितलं.

"विसरून?" ते म्हणाले.

श्यामलाताईंनी डोळे मिटले. सुचित्राबाईंनी मोदकांचं ताट खाली ठेवलं आणि भिंतीशी खुर्ची ओढून बसल्या. आता वेळ लागणार होता.