दोन्ही टोकांनी बांधलेला डोंगा

शेवंताबाईच्या मासोळीच्या खानावळीला पाटी नव्हती आणि पाटीची गरजही नव्हती. वैनगंगेच्या घाटावर उतरलेला माणूस वासाच्या मागं आपोआप तिथं पोचायचा. नवरा पुनाराम डोहातून मासे आणी, ती तळून वाढी, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

मधुकर मास्तर मात्र मासे खात नसत. ते शाळेत चित्रकला शिकवत आणि रविवारी घाटावर बसून नदी रंगवत. यंदाच्या चित्रात तू असशील आणि ते तुझ्याच खानावळीत लागेल, असं त्यांनी पुनारामला सांगितलं. झालं, गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

सन बासष्टची कोजागिरी उलटली होती. पाणी निवळलं होतं. पुनारामची होडी, म्हणजे डोंगा, पाण्यावर सारखा फिरायचा आणि मास्तर वैतागायचे, म्हणून पुनारामनं तो डोहात जाळ्यासाठी रोवलेल्या बल्ल्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून बांधला आणि आत बसला. ढिवराच्या, मासेमाराच्या घरात असं कुणी करत नाही. डोंगा एकाच टोकानं बांधायचा, म्हणजे पाणी फिरलं की त्यालाही फिरता येतं.

"दोनी टोकं काहून बांधून राह्यले जी? एक सोडा," शेवंताबाई काठावरून म्हणाली.

"पूर गेला ना आता. डोंगा हालला का मास्तरचं चित्र बिघडते."

ती तिथंच थांबली असती. पण खानावळीत गिऱ्हाईक बसलं होतं, आणि चुलीपाशी बसलं की नदीकडे पाठ होते. जाताना ती मास्तरांना म्हणाली, "तुमी नदीकडंच पाहून राह्यले. पाणी जरा बी बदललं तर मले आवाज द्या."

"हो बाई. माझी नजर हलायची नाही," मास्तर म्हणाले, आणि ते खरंच होतं.

वर नदीच्या उगमाकडे, शिवनीला, अवेळी पाऊस कोसळला होता, हे नंतर कळलं. इथं लख्ख ऊन होतं. तिनं दुसरा घाणा कढईत सोडला आणि मागून घोंघावल्यासारखा आवाज आला. ती धावली तेव्हा गढूळ लोंढा डोंग्यावरून वाहत होता. दोन्ही दोर ताठ होते. पुनाराम कमरेएवढ्या पाण्यात एका गाठीवर कोयता चालवत होता. डोंगा बुडाला आणि त्यानं पुनारामला खाली नेलं. घाटावरच्या माणसांनी उड्या टाकल्या, पण हाती काही लागलं नाही.

मास्तर कुंचला धरून तसेच उभे होते. शेवंताबाईनं चित्राकडे पाहिलं. त्यात पुनाराम हसत होता. कागदाच्या वरच्या भागात आधी रंगवलेलं पाणी निळं होतं, खालच्या भागातलं मातकट.

"हे कधी दिसलं तुमाले?"

"मघाशीच," मास्तर कसेबसे म्हणाले. "मला वाटलं, ऊन बदललं. असा रंग परत मिळत नाही, म्हणून आधी तो..."

तिनं त्या मातकट पाण्यावर बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. रंग केव्हाच वाळला होता.