हात पुढे, विमान पुढे

मी विमान उडवायला शिकवतो. छोटं, पंख्याचं, चार जणांचं. माझी भाची ठमी माझ्याकडेच शिकली. आमचा एक नियम होता. विमानात बसलो की मी ‘सर’ आणि ‘तुम्ही’. खाली उतरून पाय जमिनीला लागले की ‘मामा’ आणि ‘तू’, मग माझी हवी तेवढी खेचायची.

लायसन्स हातात आलं आणि एका मोठ्या कंपनीकडून तिला चाचणीचं बोलावणं आलं. तीन आठवड्यांनी, जेटच्या सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानात. तिच्या बरोबरीचे सगळे आठवड्याभराचा जेटचा कोर्स करायला धावले.

“मामा, मी पण करू का रे? बाबा पैसे द्यायला तयार आहेत.”

आणि मी, नाकाने कांदे सोलणारा, म्हणालो, “कशाला? शेंडी लावायचे धंदे सगळे! ज्याला उडवता येतं त्याला काहीही उडवता येतं. मी शिकवलंय ना तुला?”

“नक्की ना?”

“अगं, डोळे मिटून जा.”

आता हे अगदीच खोटं नव्हतं. असे कोर्स विकणारे काही जण खरंच टोप्या घालतात. नोकरीचं गाजर दाखवतात आणि सिम्युलेटरला जेमतेम हात लावू देतात. पण मी ते तिच्या भल्यासाठी बोललो नव्हतो. खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं.

काल चाचणी झाली. आज सकाळी ठमी माझ्या खोलीत आली, नकाशांच्या टेबलापाशी बसली आणि कोपऱ्यातल्या कागदाची घडी घालत राहिली.

“चाचणी गेली,” ती म्हणाली. “उतरताना जरा उंच होते म्हणून थ्रॉटलचा दांडा पूर्ण मागे घेतला, इंजिन पार मंद केलं. मग विमान भसकन खाली जायला लागलं. मी लगेच थ्रॉटल पुढे ढकलला. हात पुढे, विमान पुढे. पण ते येईचना रे!”

‘हात पुढे, विमान पुढे’ हे माझं वाक्य. वीस वर्षं मी ते पोरांच्या कानात ओरडतोय. पंख्याच्या विमानात ते सोळा आणे खरं आहे, थ्रॉटल ढकलला की इंजिन लगेच उठतं. जेटचं इंजिन म्हाताऱ्या माणसासारखं, हाक मारली की आधी नुसतं ‘हं’ म्हणतं. ते उठेपर्यंत काही सेकंद जातात आणि तेवढ्यात जमीन येते. कोर्समध्ये हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

“परीक्षकांनी कंट्रोल काढून घेतले. म्हणाले, हात चांगला आहे, पण जेटची सवय नाही. आता दोन वर्षं बोलावणार नाहीत.” मग माझा चेहरा बघून तीच मला समजवायला लागली. “जाऊ दे रे. तुला तरी जेटचं कुठे माहीत असणार? तू तर डोळ्यांमुळे मोठ्या विमानांवर जायचा राहिलास.”

घरात सगळ्यांना हेच माहीत आहे. मीच सांगितलंय. गप्प बसलो असतो तर आजही खपून गेलं असतं. पण तिनेच माझी समजूत काढावी, हे बघवेना.

“ठमे, माझे डोळे ठणठणीत होते. ती चाचणी मीही दिली होती. उंच होतो. थ्रॉटल मागे घेतला. मग पुढे केला.”

तिचे हात थांबले. “म्हणजे तुला माहीत होतं.”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू कोर्स केला असतास तर घरी येऊन मलाच सांगितलं असतंस, ‘मामा, जेटचं असं असतं बघ.’ मग मी कुठे तोंड लपवलं असतं? आणि कोर्सशिवाय, नुसत्या माझ्या शिकवण्यावर पास झाली असतीस, तर मलाही म्हणता आलं असतं, की आपण अगदीच टाकाऊ नव्हतो.” मला स्वतःचीच शिसारी आली. “चुकलं गं माझं. तुझ्या भविष्याशी खेळलो मी.”

तिने आरडाओरडा करावा, टेबलावरचं काहीतरी फेकून मारावं, असं फार वाटत होतं. तिने घडी घातलेला कागद सरळ केला, लॉगबुक उचललं आणि दारापाशी गेली.

“येते मी, सर,” ती म्हणाली. “तुम्ही त्रास करून घेऊ नका.”

आमच्या दोघांचेही पाय जमिनीवर होते.