चुन्याखालची पिंपळझरी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, पण मला शोधायला कपाट उघडू नका. आदिलाबादजवळ, जैनथकडच्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गाच्या भिंतीवर मी आहे. भिंत तुम्हाला पांढरीशुभ्र दिसेल. मी त्या पांढऱ्याच्या आत कोंडलेला आहे.

मला भिवाजी गुरुजींनी काढले. भूगोल आपल्या गावापासून सुरू होतो असे ते म्हणत, आणि पुस्तकात तर आमचे गाव पिंपळझरी नव्हतेच. मग त्यांनी गेरूने घरे काढली, काजळीने वाटा, निळीने पाणी. टेकडीच्या उतारावर एकाच्या डोक्यावर एक बसलेली घरे, माथ्यावर पडकी गढी, तिच्या पायाशी झरा आणि दूर उत्तरेला पैनगंगा. गावाचा इतिहास ते एवढाच सांगत, की झरा सापडला म्हणून माणसे वर चढली. शाळा मात्र पायथ्याशी बांधली होती, कारण तपासणीच्या साहेबांना चढ सोसत नसे.

शाळेच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाने हळदीत बोट बुडवून माझ्यावर आपल्या घराशी ठिपका द्यायचा, अशी गुरुजींची रीत होती. द्वारका नावाच्या मुलीने ठिपका दिला तो थेट झऱ्यावर. सगळा वर्ग खो खो हसला.

"काऊन वं, तुह्यं घर थे हाय काय?" गुरुजींनी विचारले.

"घरी कुठी असतो गुरुजी? आमी दिवसभर थेतच पाणी भरतो."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तो ठिपका पुसला नाही. मला ती पोर तेव्हापासून आवडते.

तेव्हा माझी काय ऐट होती! साहेब आले की आधी माझ्यापुढे उभे राहत. पुढे बहात्तरच्या दुष्काळात झरा आटला. घरे एकेक करून खाली सडकेला आली. द्वारकाचे भाऊ मंचेरियलच्या खाणीत गेले, ती लग्न होऊन तामसीकडे गेली. वर झुडपे माजली. उतारावरचे गाव आता फक्त माझ्याजवळ होते.

मग गुरुजींची बदली झाली आणि नव्या साहेबांना भिंती स्वच्छ हव्याशा झाल्या. चुना द्यायला जी बाई आली ती द्वारकाच होती. नवरा गेल्यावर ती परतली होती, पण इथे तिचे कोणी उरले नव्हते. तिने कुंचला उचलला, बराच वेळ माझ्याकडे पाहिले, आणि घरे झाकली, वाटा झाकल्या, नदी झाकली. माझा जीव गुदमरत होता. तिच्यावर रागावू तरी कसा? तिचेही हात जड झाले होते.

झऱ्यापाशी मात्र कुंचला थांबला. हेडमास्तर लक्ष्मणराव म्हणाले, बाई, तिथे डाग राहिला.

"तेवढं राहू द्या जी. माह्यं माहेर हाय थे."

 लक्ष्मणरावांनी आपल्या खोलीतले कॅलेंडर आणून त्या डागावर टांगले. साहेब आले, भिंत पांढरी पाहून खूश होऊन गेले.

तेव्हापासून दर वर्षी तिच्याच हाताने, झरा तेवढा सोडून, माझ्यावर चुन्याचा नवा थर चढतो. आत अंधार आहे, श्वास घेता येत नाही, मुले पाढे म्हणतात तेवढे ऐकू येतात. दिवाळीला बाया माहेरी निघाल्या की द्वारकाबाई शाळेत येते, कॅलेंडर बाजूला सारते आणि झऱ्यावर बोट ठेवते. तेवढ्याच भोकातून मी बाहेर बघतो.

यंदा चुना नाही, ऑइलपेंट येणार आहे म्हणे, आणि रंगारी आदिलाबादहून. त्याला काय ठाऊक! मला फार भीती वाटते. म्हणून मित्रांनो, तुमच्या शाळेत कुंचला घेऊन कोणी आले, तर त्याला जरा थांबवा. या भिंतीत कोणाचे माहेर आहे का, एवढे आधी विचारा.